सांध्यांचे दुखणे आणि 'पूरक' हा शब्द

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आमच्या आत्याच्या घरी, फडताळाच्या वरच्या खणात, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. ती २०१९ साली गेली आणि घरात कोणालाच नको असलेला तो डबा माझ्या वाट्याला आला. आत काय होते ते आधी सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन त्या डब्याचेच आहे. योगराज गुग्गुळाची अर्धी संपलेली बाटली. महानारायण तेलाची, बूच चिकटून बसलेली शिशी. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या चार नळ्या. माजून सुरंजानची काळपट बरणी, तळाशी बोटभर उरलेली. कोणत्या तरी दर्ग्यावरून आणलेला काळा दोरा. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधलेल्या करड्या भुकटीच्या सात पुड्या. आणि सर्वांत वर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांचे पाकीट. त्यावर निळ्या शाईत, माझ्या आतेभावाच्या अक्षरात लिहिलेले, 'फक्त रविवारी'.

वैद्यकाच्या आजच्या परिभाषेत या डब्यातील रविवारची गोळी तेवढी 'उपचार' आणि बाकीचे सर्व, फार तर, 'पूरक उपचार'. आत्याला ही विभागणी ठाऊक नव्हती. तिच्या लेखी रविवारची गोळी ही घरात सर्वांत शेवटी आलेली सून होती; कामसू, पण नवीन. एखादी संज्ञा समोर आली की ती कोणी घडवली आणि कोणत्या बाजूला उभे राहून घडवली, हे विचारण्याची साहित्याच्या विद्यार्थ्याला सवय असते. तोच प्रश्न 'पूरक' या शब्दाला विचारून पाहावा असे हा डबा उघडताना वाटले. कोणाला कोण पूरक? आणि हा क्रम लावला कोणी?

मुळात दुखण्याच्या नावापासूनच घोटाळा आहे. मराठीत 'संधिवात' या एका शब्दाखाली आपण निदान तीन वेगळी दुखणी कोंबतो: उतारवयात गुडघ्यांची होणारी झीज, रक्तातील युरिक ॲसिडमुळे पायाच्या अंगठ्याला येणारी आग, आणि ऐन चाळिशीत हातापायांचे लहान सांधे सुजवून हळूहळू वाकडे करणारा तो चिवट आजार, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि जो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. या तिघांची कारणे वेगळी, गती वेगळी, औषधेही वेगळी. जुने वैद्यक या बाबतीत आपल्याहून काटेकोर होते. चरकसंहितेत वातव्याधी आणि वातरक्त यांची प्रकरणे स्वतंत्र आहेत. 'आमवात' या रोगाला मात्र तेथे स्वतंत्र प्रकरण नाही. ते प्रथम दिले माधवकराने, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'माधवनिदाना'त. न पचलेला अन्नरस, म्हणजे 'आम', वाताच्या जोराने सांध्यांत जाऊन साचतो, अशी त्याची उपपत्ती. आणि वेदनेचे वर्णन असे की जणू विंचवाने नांगी मारावी. पुढच्या ग्रंथांतून एक प्रसिद्ध रूपक फिरत राहिले: शरीराच्या रानात मोकाट हिंडणारा आमवात हा हत्ती, आणि त्याला मारणारा सिंह म्हणजे एरंडेल. वैद्यकाच्या ग्रंथात असा अलंकार भेटला की आपल्यासारख्यांना आनंद होतो. ज्याला एरंडेल प्यावे लागले त्याला तो किती झाला असेल, हा भाग निराळा.

युरोपातही नावाची कथा फार वेगळी नाही. तिकडच्या 'ऱ्हुमॅटिझम'चे मूळ ग्रीक 'ऱ्हुमा', म्हणजे प्रवाह. मेंदूतून पाझरणारा कफ सांध्यांत उतरतो, या समजुतीचे ते अवशेष. सांध्यांच्या दुखण्यासाठी हा शब्द रूढ केला फ्रेंच वैद्य गियोम द बायू याने. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४२ साली छापला गेला. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव तर १८५९ सालचे, लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने दिलेले. माधवकराचा आम आणि ग्रीकांचा कफ यांत फरक पुष्कळ असतील. पण शरीरात काहीतरी वाहते, नको तेथे मुरते आणि मग ठणकते, ही कल्पना दोन्हीकडे एकच. आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे समीकरण मात्र आधुनिक काळातले आहे, आणि ते मांडताना दोन्ही बाजूंनी थोडी ओढाताण झाली आहे.

ग्रंथांतली ही नावे ज्यांच्या अंगावर लागू होतात त्यांची भाषा वेगळीच. आत्या सांगायची, "सकायी उठलं का बोटं मिटतच नाई नं बाप्पा, दुपार झाली का मंग हात आपला वाटते." वऱ्हाडीतले हे एक वाक्य निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. झिजलेला गुडघा वापरल्यावर दुखतो. ऱ्हुमॅटॉइडचे सांधे विश्रांतीनंतर आखडतात आणि सकाळचा तास-दीड तास, कधी अधिक, रुग्णाला स्वतःच्या हातांची वाट पाहावी लागते. 'सकायी' आणि 'दुपार' हे दोन शब्द कोणी नीट ऐकले असते तर आत्याची दोन वर्षे वाचली असती. तो भाग पुढे येईल.

डबा भरला कसा, हे समजण्यासाठी वऱ्हाडाच्या इतिहासाचे थर पाहावे लागतात. सर्वांत खालचा थर औषधाचा नाही, स्वयंपाकघराचा आणि बांधाचा आहे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधलेले एरंडाचे पान, हिवाळ्यात मेथीचे नि डिंकाचे लाडू, सुंठेचा काढा. मेळघाटाच्या बाजूला मोहाच्या बियांचे तेल चोळायला. आणि दुखऱ्या जागी बिब्ब्याचा चटका. हा चटका म्हणजे नुसती अंधश्रद्धा नव्हे, तिच्यामागे एक विचार आहे: एका वेदनेने दुसरी वेदना हटवायची. पण बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि कधी जखम चिघळते, हेही तितकेच खरे. मेळघाटातील भुमका तापलेल्या लोखंडाने डाग देतो. तान्ह्या मुलांच्या पोटावर असे डाग दिल्याच्या बातम्या आजही अमरावतीच्या वर्तमानपत्रांत येतात. औषधाला घरगुती म्हटले की ते निरुपद्रवी ठरते, असा एक गोड समज सुशिक्षितांतही आहे. डागांच्या खुणा पाहिलेला माणूस तो समज बाळगणार नाही.

त्यावरचा थर फिरत्या माणसांचा. तुंबडी लावून 'खराब रक्त' ओढणारा, जडीबुटीची झोळी घेऊन गावोगाव हिंडणारा वैदू, बहिरमच्या यात्रेसारख्या मोठ्या जत्रांत पालाखाली मुळ्या मांडून बसणारा. आणि याच थराला लागून हकिमांचा. वऱ्हाडात अचलपूरला इमादशाहीची राजधानी होती, पुढे निजामाचा अंमल आला. युनानी वैद्यक येथे परके कधी वाटलेच नाही. माझ्या आत्याने जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक केला, पण माजून सुरंजान घेताना ते कोणाचे औषध आहे हा प्रश्न तिला पडला नाही. या सुरंजानची गोष्ट रंजक आहे. ते कॉल्चिकम जातीच्या वनस्पतीच्या कंदाचे नाव. त्याच जातीच्या कंदातून १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी जे द्रव्य वेगळे केले, त्यावरूनच पुढे कॉल्चिसिन आले. आणि अंगठ्याच्या युरिक ॲसिडच्या दुखण्यावर डॉक्टर आजही कॉल्चिसिन लिहून देतात. बरणीत असताना 'पूरक', पाकिटात आल्यावर 'मुख्य'. अर्थात फरक काहीच नाही असे मात्र नाही. पाकिटातल्या गोळीत द्रव्य किती हे ठरलेले असते, बरणीत ते ठरलेले नसते. आणि कॉल्चिसिन हे अशा विषारी द्रव्यांपैकी आहे की ज्यात मात्रेचा प्रश्न जिवाचा असतो.

मग रेल्वे आली. अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आणले होते. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरला पोचला आणि अमरावतीच्या कापसासाठी बडनेऱ्याहून फाटा निघाला. बडनेरा हे तेव्हापासून उतरून गाडी बदलण्याचे गाव. कापूस बाहेर गेला, तसे औषध आत आले. मुंबईच्या औषधशाळांच्या तयार बाटल्या, छापील जाहिराती, कलकत्त्याहून टपालाने देशभर जाणाऱ्या होमिओपॅथीच्या पेट्या आणि पुस्तके. वैद्यांनीही छापखाना जवळ केला. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे 'आर्यभिषक्' घराघरांत पोचले; १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात करण्यात पुढाकार त्यांचाच. मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण निबंधमाला घेतो, मनोरंजन घेतो. रोग, गुण, मात्रा, अनुपान अशा क्रमाने लिहिलेले हे घरगुती वैद्यकाचे गद्य घेत नाही. वास्तविक ज्या घरांत दुसरे कोणतेच मराठी पुस्तक नव्हते तेथेही पोथीशेजारी असे एखादे पुस्तक असे. शब्दांना बळ कसे येते, याचा अभ्यास तेथे करता येईल.

होमिओपॅथीला वऱ्हाडात जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यामागे माणसे होती. अमरावतीला तपोवन उभारून महारोग्यांना घर देणारे डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन हे होमिओपॅथीचे डॉक्टर. ज्या रोग्यांना शिवायला इतर तयार नव्हते त्यांना या माणसाने जवळ केले, हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले होते. अशा वेळी गोळीत औषधाचा अंश किती, हा प्रश्न लोकांच्या मनात मागे पडतो. (उद्धव शेळके यांची 'धग' १९६० सालची. त्या कादंबरीतली कौतिक आणि तिच्या घरात शिरलेला रोग आठवला की, औषधाच्या निवडीचा प्रश्न मुळात दोन वेळच्या भाकरीनंतरचा आहे, हेही आठवते.)

कायद्यानेही क्रम लावला, पण बराच उशिरा आणि काहीसा संदिग्ध. १९४७ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आयुर्वेदिक व युनानी व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९५१ साली होमिओपॅथीचा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ च्या कायद्याने वेगवेगळ्या प्रदेशांतले हे नियम एकत्र केले. म्हणजे राज्यसंस्थेच्या दृष्टीने वैद्य आणि हकीम हे मान्यताप्राप्त चिकित्सक होते, कोणाचे पूरक नव्हते. दुसरीकडे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या रोगांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई केली, त्यांच्या यादीत संधिवाताचे नाव आहे. हा कायदा कोणाला ठाऊक असेल असे रुळांलगतच्या भिंती वाचताना वाटत नाही. लहानपणी बडनेऱ्याला गाडीच्या खिडकीत बसून मी जे पहिले गद्य वाचले, ते चुन्याने रंगवलेल्या भिंतींवरचे होते: गुडघे, मूळव्याध, गुप्तरोग, आणि खाली 'खात्रीशीर'.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. हे सर्व चालू असताना 'मुख्य' औषध कोठे होते? येथे इतिहास पुष्कळांना अडचणीचा ठरतो. १८७६ साली डंडीच्या टॉमस मॅक्लगनने विलोच्या सालीतले सॅलिसिन तीव्र ऱ्हुमॅटिझमवर वापरल्याचे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. त्याचा तर्क असा की हे दुखणे दमट जागी होते, विलोही दमट जागी उगवते, तेव्हा उपाय तेथेच असणार. आपल्याकडचा कोणताही वैदू या तर्काला मान डोलावेल. १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आले. त्याने दुखणे कमी होई, सांध्यांची नासाडी थांबत नसे. १९२९ साली फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने सुचवली. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्याचेच. पण लवकरच कळले की ही जादू कर्जाऊ असते. चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि औषध एकदम थांबवले तर शरीर कोसळते. रोगाची चाल खरोखर अडवणारे, स्वस्त आणि दीर्घकाळ घेता येणारे औषध म्हणजे आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट. ते ऱ्हुमॅटॉइडसाठी सर्वमान्य झाले १९८० नंतरच्या दशकात; अमेरिकेतील मान्यता १९८८ सालची.

म्हणजे माझ्या आजीला हे दुखणे झाले असते तर तिच्यासाठी मुख्य आणि पूरक हा भेद निरर्थक होता. डॉक्टरकडे ॲस्पिरिन, वैद्याकडे गुग्गुळ, घरी निर्गुडी. रोग थांबवू शकणारे कोणाकडेच काही नव्हते. वैद्याकडे निदान वेळ होता. वऱ्हाडात वैद्यकीय महाविद्यालयही फार उशिरा आले: अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे १९८४ साली, अकोल्याला शासकीय २००२ साली. त्याआधी मोठे दुखणे म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरवरचे नागपूर. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाला दुसरा पर्यायच नव्हता, तो समाज नवे औषध आल्यावर जुना डबा एका दिवसात फेकून देईल, ही अपेक्षा इतिहासाला धरून नाही.

मेथोट्रेक्सेटच्या वंशावळीत एक नाव असे आहे की ते कळल्यावर आत्याचा डबा मला निराळा दिसू लागला. हे औषध आणि त्याचे आधीचे रूप अमिनोप्टेरिन अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. अमेरिकेला जाण्यापूर्वी ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवीत. म्हणजे ज्या गोळीला आत्या 'इंग्रजी औषध' म्हणून शेवटपर्यंत थोडी बिचकत असे, त्या गोळीमागचा माणूस एके काळी वैद्य होऊ पाहणाऱ्या मुलांचा शिक्षक होता. यावरून आयुर्वेदाचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, आणि तसे ते करू पाहणाऱ्यांची आज कमी नाही. कुंपणे आपण समजतो तितकी जुनी नाहीत, एवढेच यातून कळते.

'पूरक' हा शब्द तर अगदीच नवा. इंग्लंडमधील डॉक्टरांच्या संघटनेने, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, १९८६ साली या विषयावर अहवाल काढला तेव्हा शीर्षकात 'पर्यायी उपचार' असे शब्द होते आणि सूर तुच्छतेचा होता. १९९३ च्या दुसऱ्या अहवालात शीर्षक झाले 'पूरक वैद्यक'. सात वर्षांत पर्यायाचा पूरक झाला. पर्याय म्हटले की स्पर्धा येते. पूरक म्हटले की मुख्य कोण ते आपोआप ठरते. एखाद्या प्रवाहाला 'प्रादेशिक' वा 'ग्रामीण' असे विशेषण देऊन मराठी समीक्षेने जे साधले, त्याची येथे आठवण होते. त्याच १९९३ साली अमेरिकेत डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे एकतृतीयांश लोकांनी मागील वर्षभरात असा एखादा उपचार केल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील ७२ टक्क्यांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितले नव्हते. दिल्लीच्या एम्समध्ये येणाऱ्या ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तेथेही बहुसंख्यांनी हे उपचार करून पाहिलेले होते. हे आकडे वाचताना मला खटकते ती मौनाची बाब. उपचार कोणते घेतले याहून ते सांगितले का नाहीत, हा प्रश्न मोठा आहे.

आत्याचे असे झाले. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत विदर्भात घरोघर माणसे आडवी झाली होती. ताप जाई, सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहत. आत्यालाही ताप आला आणि गेला. बोटे सुजलेलीच राहिली. सगळ्या गल्लीचे सांधे दुखत असताना हिचे वेगळे आहे हे कोणाला कळणार? एका डॉक्टरांनी दुखणे मारणाऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी पोट बिघडले. मग डबा भरू लागला. करड्या पुड्या कोणा ओळखीच्याने बाहेरगावच्या एका माणसाकडून आणल्या, आणि काय चमत्कार, तिसऱ्या दिवशी आत्या पाटा-वरवंट्यावर चटणी वाटू लागली! आम्ही सर्वांनी त्या माणसाला हात जोडले. सहा महिन्यांत आत्याचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, अंगावर निळे डाग उमटू लागले आणि रक्तातली साखर चढली. पुढे नागपूरला ज्या तज्ज्ञांकडे नेले त्यांनी चेहरा पाहूनच विचारले, "पुड्या कुठून आणता?" वनस्पतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भुकट्यांत स्टेरॉइड मिसळण्याचा हा प्रकार देशभर परिचित आहे. हेंच यांचे नोबेलप्राप्त औषध बडनेऱ्याच्या फडताळात आले ते असे, वर्तमानपत्रात बांधून आणि जडीबुटीचे नाव घेऊन. आत्या ज्याला गावठी औषध समजत होती तेच डब्यातले सर्वांत तीव्र 'इंग्रजी' औषध होते.

निदान झाले तेव्हा २००८ संपत आले होते. उजव्या हाताची दोन बोटे तोवर कायमची वळली होती.

मग या साऱ्यात काही खरे आहे की नाही? याचे उत्तर शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवण या गावात घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढांत सुमारे अर्ध्या टक्क्याला ऱ्हुमॅटॉइड आढळला, आणि हाडा-सांध्यांच्या कोणत्या ना कोणत्या तक्रारी पाचांपैकी जवळजवळ एकाला. त्यांनीच आयुर्वेदिक योगांच्या चाचण्या आधुनिक पद्धतीने घेतल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८२ ऱ्हुमॅटॉइड रुग्णांना १६ आठवडे एकतर वनस्पतींचा योग दिला किंवा तशीच दिसणारी निर्द्रव्य गोळी. सुधारणा दोन्ही गटांत चांगली झाली. योगाचा वरचष्मा दिसला तो थोडक्या बाबींत, मुख्यतः सूज उतरण्यात. गुडघ्याच्या झिजेवर, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आयुर्वेदिक योग हे सेलेकॉक्सिबसारख्या वेदनाशामकाच्या तोडीचे ठरले. कोइमतूरला ४३ ऱ्हुमॅटॉइड रुग्णांवर आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही मिळून अशी तुलना झाली. २०११ सालच्या त्या अहवालात तिन्ही गट जवळपास सारखे निघाले. पण ४३ ही संख्या निर्णयाला फार लहान आहे. उत्साही लेखक येथेच थांबतात आणि 'विज्ञानाने मान्य केले' असे लिहून मोकळे होतात. टीकाकार तर या चाचण्या वाचण्याचेही कष्ट घेत नाहीत.

मला सर्वांत बोलका वाटतो तो इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचा, २०११ सालचाच, होमिओपॅथीवरील प्रयोग. ऱ्हुमॅटॉइडचे ८३ रुग्ण. काहींना होमिओपॅथची सविस्तर भेट मिळाली, काहींना नाही. आणि गोळ्या काहींना खऱ्या, काहींना नुसत्या साखरेच्या. निष्कर्ष असा निघाला की फायदा झाला तो भेटीचा, गोळीचा नाही. ज्यांना तासभर कोणी ऐकून घेतले त्यांचे दुखणे हलके झाले. होमिओपॅथ काय विचारतो ते आठवून पाहा: दुखणे सकाळी वाढते की रात्री, पहिले पाऊल टाकताना अधिक की चालत राहिल्यावर, पावसाळी हवेत कसे, शेकल्यावर कसे. 'सकायी' हा शब्द ज्याच्या वहीत नोंदला गेला तो एकटा माणूस आत्याच्या नळ्या देणारा होता. त्याने ऐकले बरोबर, अर्थ लावला चुकीचा. ज्यांना अर्थ लावता आला असता त्यांच्या दाराबाहेर साठ माणसे रांगेत होती.

ऐकण्याचे गुण गाताना औषधाचे दोष झाकू नयेत. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. वातरक्तावर गुळवेल हे चरकापासूनचे मानाचे औषध. सांधेदुखीचे रुग्ण ती घेतातच. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, ते सर्व गुळवेल घेत होते. हा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला. वादाचा निकाल काहीही लागो, ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णाला त्यातला एक मुद्दा विसरता येत नाही. या रोगात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. मेथोट्रेक्सेट तिला आवरते, आणि त्यासाठी यकृताची तपासणी मधून मधून करावी लागते. अशा माणसाला 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगत कोणी काढा पाजत असेल आणि डॉक्टरला त्याचा पत्ताच नसेल, तर रक्ततपासणीतला वाढलेला आकडा कोणाच्या खात्यावर टाकायचा? २००४ साली बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. डब्यातील कोणती वस्तू त्या चौदांपैकी आहे, हे लेबल वाचून कळत नाही.

नागपूरच्या त्या तज्ज्ञांनी आत्याला दुसऱ्या भेटीत रागावले नाही. "आजी, पुढच्या वेळी घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा," एवढेच म्हणाले. पहाटेच्या गाडीने आम्ही बडनेऱ्याहून निघालो, तेव्हा तिने तो पत्र्याचा डबाच मांडीवर घेतला होता. टेबलावर एकेक वस्तू बाहेर आली. पुड्या त्यांनी बाजूला काढल्या आणि एकदम बंद करू नका, मी सांगतो तशा उतरवत बंद करू, असे बजावले. त्यांतल्या द्रव्याच्या जागी मोजून मापून तेच द्रव्य, कमी कमी होत जाणारे, लिहून दिले. सुरंजान थांबवायला सांगितले. गुग्गुळाविषयी तीन महिने थांबा, रक्त पाहू, म्हणाले. तेल चोळायला हरकत नव्हती. साबुदाण्याच्या गोळ्यांकडे पाहून ते नुसते हसले.

उरलेल्या पुड्या तिने फेकल्या कशा नाहीत, हे मला डबा हाती आल्यावर कळले, सात होत्या. आणि काळा दोरा त्या दिवशी डब्यात नव्हताच. तो तिच्या दंडाला होता, पदराखाली.